मोजमाप कुणाच्या हाती? सोव्हिएत किरणोत्सारमापकांचा मागोवा

जुन्या यंत्राचा इतिहास वाचायचा असेल तर आधी त्याचा सेलचा कप्पा उघडावा आणि मग तबकडी पाहावी, असे माझे मत झाले आहे. हे यंत्र कुणाच्या पुरवठ्यावर चालणार होते ते कप्प्यावरून कळते. कुणाच्या भीतीपोटी ते बनवले गेले ते तबकडीवरच्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यांवरून कळते.

कसबा बावड्यातल्या माझ्या खोलीत गेल्या काही वर्षांत सोव्हिएत बनावटीची किरणोत्सारमापके जमत गेली आहेत. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. पदार्थविज्ञान शिकलो ते मॉस्कोच्या मीर प्रकाशनाच्या स्वस्त पुस्तकांतून, आणि रशियन अक्षरे गिरवली ती या यंत्रांसोबतच्या पुस्तिका लागाव्यात म्हणून. संग्रह वाढला तसा एक प्रश्नही वाढत गेला. जो धोका डोळ्यांना दिसत नाही, नाकाला येत नाही, त्याचे मोजमाप कुणाच्या हाती असते? आणि ते एका हातातून दुसऱ्या हातात गेले की काय बदलते?

युद्धासाठी बनलेला काटा

संग्रहातले सर्वांत वजनदार यंत्र म्हणजे डीपी-५व्ही. जाड प्लास्टिकची पेटी, गळ्यात अडकवायचा पट्टा, केबलला जोडलेला शोधक आणि कानाला लावायचा हेडफोन. एकट्या पेटीचे व शोधकाचे वजन तीन किलोंच्या आसपास भरते. सोव्हिएत सैन्य आणि नागरी संरक्षण दलासाठी ही मालिका मोठ्या संख्येने बनवली गेली. शोधकात दोन गायगर-म्युलर नळ्या असतात. हान्स गायगर आणि वाल्टर म्युलर यांनी १९२८ मध्ये सिद्ध केलेल्या नळीचेच हे वंशज. तत्त्व साधे आहे. विरळ वायू भरलेल्या धातूच्या नळीत मधोमध एक तार असते. नळी आणि तार यांच्यात सुमारे ४०० व्होल्टचा दाब ठेवतात. एखादा किरण आत शिरून वायूचे रेणू फोडतो, क्षणभर वीज वाहते आणि हेडफोनमध्ये ‘टक्’ असा आवाज होतो.

या यंत्राचे मोजमाप ताशी ०.०५ मिलिरोंटजेनपासून ताशी २०० रोंटजेनपर्यंत, सहा टप्प्यांत चालते. वरच्या टोकाला दोन-अडीच तास उभे राहिलेल्या माणसाचा जीव वाचेलच असे सांगता येत नाही. खालचे टोक मात्र मला अधिक बोलके वाटते. कोल्हापूर दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसले आहे. बेसाल्टमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम ही तिन्ही द्रव्ये ग्रॅनाइटच्या मानाने थोडी असतात. त्यामुळे इथला नैसर्गिक किरणोत्सार ताशी ०.०१ मिलिरोंटजेनच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणजे बावड्यात डीपी-५व्ही सुरू केले तर काटा शून्याशी चिकटून बसतो. यंत्र बिघडलेले नसते. शांततेच्या काळात कुणी काही मोजावे, ही कल्पनाच त्याच्या रचनेत नाही. बॉम्ब पडल्यानंतर तुकडीने पुढे जायचे की माघार घ्यायची, एवढाच निर्णय त्याच्याकडून घ्यायचा होता.

हेडफोन लावला तर मात्र टक्-टक् ऐकू येते, थोड्या थोड्या अंतराने, कसलाही ताल न धरता. काटा गप्प असला तरी नळी बोलत असते. संग्राहकाने या यंत्राशी कानाने व्यवहार करावा, तो याचसाठी.

सेलचा कप्पा

डीपी-५व्ही मध्ये तीन सेल बसतात. त्यांतले दोन मंडलासाठी आणि तिसरा फक्त रात्री तबकडी उजळण्यासाठी. सेलचा प्रकार ए-३३६. हा आपल्या पेन्सिल सेलपेक्षा जाड आणि जवळजवळ सेंटीमीटरभर लांब असतो, पण विजेरीतल्या मोठ्या सेलइतका जाड नसतो. या मापाचा सेल आपल्याकडच्या दुकानात मागून मिळत नाही. सैन्याच्या कोठारातून पुरवठा होत होता तोवर ही अडचण कुणालाच भासली नाही. कोठार गेले आणि यंत्रे पोरकी झाली.

यावर माझा उपाय गावठी आहे. उद्यमनगरातल्या एका लेथवर नायलॉनच्या नळ्या कातून घेतल्या. त्यांत साधा पेन्सिल सेल घट्ट बसतो आणि उरलेली लांबी पितळी टोपण भरून काढते. दोन सेलचे मिळून तीन व्होल्ट होतात. यंत्रातला लहानसा ट्रान्सफॉर्मर त्यांचेच चारशे व्होल्ट करतो. रिचार्ज होणारे सेल इथे नीट चालत नाहीत. त्यांचा दाब प्रत्येकी १.२ व्होल्टच असल्याने बेरीज तोकडी पडते. ताकद पुरेशी आहे का, हे यंत्र स्वतःच सांगते. बटण त्रिकोणाच्या खुणेवर फिरवले की काटा तबकडीवरच्या काळ्या पट्टीत यायला हवा. तो अलीकडे थांबला तर पुढचा कोणताही आकडा विश्वासाचा नाही.

जुना सेल आत राहून फुटला असेल तर पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर चढलेला असतो. तो कोरड्या ब्रशने झाडून, मग हलकेच पुसून, पूर्ण वाळवल्याशिवाय सेल घालू नयेत. आणि यंत्र चालू असताना उघड्या मंडलात बोट घालू नये. प्रवाह क्षीण असला तरी चारशे व्होल्ट हे चारशेच.

या यंत्रांच्या शोधकावर तपासणीसाठी स्ट्रॉन्शियम-९० चा बारीकसा स्रोत बसवलेला असे. असा स्रोत घरी बाळगणे हा छंदाचा भाग नाही. आपल्याकडे त्यावर कायद्याची बंधने आहेत आणि १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ त्यावर देखरेख ठेवते. म्हणून स्रोत काढलेलेच यंत्र घ्यावे. काही जुन्या मापकांच्या तबकडीवर अंधारात चमकणारा रेडियमचा रंग असतो. त्यांची काच उघडू नये, रंग खरवडू नये.

मग नळी जिवंत आहे हे ओळखायचे कसे? ऊसपट्ट्यात राहणाऱ्याला याचे उत्तर सोसायटीच्या खतगोदामात सापडते. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. निसर्गातल्या पोटॅशियमपैकी सुमारे ०.०१२ टक्के भाग किरणोत्सारी पोटॅशियम-४० असतो. केळ्यात, उसात, तुमच्या-माझ्या हाडामांसात तो आहेच. शोधकाची बीटा खिडकी उघडून पोटॅशच्या पिशवीशी धरली आणि दहा मिनिटे टक्-टक् मोजली, तर रिकाम्या टेबलापेक्षा आकडा वाढलेला दिसतो. जुन्या पेट्रोमॅक्सची जाळी त्याहून बोलकी. तिच्यात थोरियम असे. या जाळ्यांसाठी लागणारे थोरियम नायट्रेट बनवण्याचा कारखाना तुर्भ्याला पन्नासच्या दशकात सुरू झाला होता. आपल्या लग्नमांडवांत आणि तमाशाच्या फडांत जो पांढराशुभ्र उजेड पडे, त्यात अणुयुगाचा एवढा वाटा होता.

चेर्नोबिलनंतरचा नऊ व्होल्टचा सेल

२६ एप्रिल १९८६ च्या पहाटे चेर्नोबिल प्रकल्पाची चौथी अणुभट्टी फुटली. त्या रात्री कामगारांच्या हाताशी असलेली बहुतेक मापके सेकंदाला १००० मायक्रोरोंटजेनपर्यंतच मोजू शकत होती. तासाच्या हिशोबात हे ३.६ रोंटजेन होतात. काटा शेवटच्या टोकाला जाऊन अडकला, आणि अडकलेल्या काट्याचा तो आकडाच खरी पातळी म्हणून वर कळवला गेला. प्रत्यक्षातली पातळी कितीतरी पटींनी जास्त होती. डीपी-५व्ही शांततेत मुके राहते, तशी ही मापके आपत्तीत मुकी झाली. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे. यंत्राची मर्यादा माहीत नसेल किंवा सोयीस्कर विसरली जात असेल, तर आकडा खरा असूनही फसवतो.

जगाला ही बातमी मॉस्कोने आपणहून दिली नाही. २८ एप्रिलला स्वीडनमधल्या फोर्समार्क प्रकल्पात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवरच्या धुळीने तिथला मापक वाजवला आणि विचारणा सुरू झाली. कीव्हमध्ये १ मे चे संचलन मात्र ठरल्याप्रमाणे झाले.

पुढच्या तीन-चार वर्षांत सोव्हिएत बाजारात एक नवी वस्तू आली, ती म्हणजे घरगुती किरणमापक. ‘बेल्ला’, ‘सोस्ना’, ‘प्रिप्यात’ ही त्यांची नावे. सोस्ना म्हणजे पाइन वृक्ष, तर प्रिप्यात हे चेर्नोबिलजवळच्या ओस पडलेल्या शहराचे आणि तिथल्या नदीचे नाव. ही यंत्रे पिशवीत मावतात, काट्याऐवजी आकडे दाखवतात आणि सुमारे ०.०१ मिलिरोंटजेन इतके खालचे मापही वाचतात. डीपी-५व्ही जिथे गप्प बसते, तिथून यांचे बोलणे सुरू होते. सोस्नामध्ये एसबीएम-२० जातीच्या चार नळ्या असतात आणि वीस सेकंदांत ती आपला आकडा देते. याच जातीची नळी डीपी-५व्ही च्या शोधकातही आहे. म्हणजे युद्धासाठी घडवलेला अवयवच घरात आला. बदलली ती तबकडी, आणि बदलला तो सेल.

या यंत्रांना नऊ व्होल्टचा चौकोनी सेल लागतो. रशियन माणूस त्याला ‘क्रोना’ म्हणतो. तोच सेल आपल्या मल्टिमीटरमध्ये असतो आणि कोल्हापुरात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. माझी सोस्ना चालवायला मला काहीही कातून घ्यावे लागले नाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. एक यंत्र कोठारावर अवलंबून होते, दुसरे कोपऱ्यावरच्या दुकानावर. सरकारी आकड्यावरचा विश्वास उडाल्यावर माणसे बाजारातल्या भाजीवर, दुधाच्या बाटलीवर, मुलांच्या वाळूच्या ढिगावर स्वतःच यंत्र धरू लागली.

मुंबईत उतरलेले लोणी

त्याच काळात हा प्रश्न मुंबईच्या दारात आला. युरोपीय समुदायाकडून मदत म्हणून आलेले २०० टन आयरिश लोणी मुंबईत पोहोचले होते. चेर्नोबिलचा ढग युरोपभर फिरला होता, तेव्हा हे लोणी लोकांच्या पोटात जाऊ देऊ नये, अशी मागणी घेऊन मुंबईतले काही नागरिक उच्च न्यायालयात गेले. तिथे याचिका फेटाळली गेल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. अणुऊर्जा नियामक मंडळाने घालून दिलेल्या मर्यादेतले दुग्धजन्य पदार्थ सेवनास सुरक्षित आहेत, असे समितीने सांगितले आणि १९८८ मध्ये न्यायालयाने ते ग्राह्य धरले.

निकालाशी माझे भांडण नाही. या प्रकरणात लक्षात राहते ते नागरिकांचे रिकामे हात. त्यांच्याकडे शंका होती, वकील होता, पण स्वतःचा एकही आकडा नव्हता. मोजणारे शास्त्रज्ञ शासनाचे, मर्यादा ठरवणारे मंडळ शासनाचे आणि आयातीला वाट देणारेही शासनच.

मात्र त्यांच्या हाती एखादी सोस्ना असती तर काम झाले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. अन्नातले सीझियम किलोमागे काही थोड्या बेकरेलपर्यंत मोजायचे तर शिशाच्या जाड कवचात ठेवलेला संवेदनशील शोधक आणि तासन्‌तासांची मोजणी लागते. सोस्नासारख्या यंत्राला किलोमागे हजारो बेकरेल असल्याशिवाय जाग येत नाही. लोण्यावर धरलेल्या सोस्नाने शांतपणे नेहमीचा आकडा दाखवला असता, आणि त्या आकड्याने काहीच सिद्ध झाले नसते. घरगुती यंत्र प्रयोगशाळेची जागा घेत नाही. ते माणसाला नेमका प्रश्न विचारायला शिकवते. किती मोजले, कशाने मोजले, किती वेळ मोजले, आणि त्या यंत्राची खालची मर्यादा काय होती? १९८७ साली हे चार प्रश्न विचारू शकणारी माणसे प्रयोगशाळांबाहेर किती असतील?

भंगाराच्या वाटेवर

हा सगळा भूतकाळ आहे असे समजायचे कारण नाही. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडले. बटणांचे पोलाद भारतातून गेले होते, आणि त्याचा माग महाराष्ट्रातल्या एका ओतशाळेपर्यंत पोहोचला. वैद्यकीय किंवा औद्योगिक वापरातला एखादा स्रोत भंगारात मिसळला आणि वितळून पोलादाच्या अंगात भिनला, की असे होते. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी बाजारात विद्यापीठातून भंगारात गेलेले एक जुने यंत्र फोडले गेले. त्यातल्या कोबाल्टने एका कामगाराचा जीव घेतला, इतर काहीजण गंभीर आजारी पडले. त्यांच्यापैकी कुणाच्याही हाताशी टक्-टक् करणारी साधी नळी नव्हती.

कोल्हापूर हे ओतकामाचे शहर आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथल्या भट्ट्या भंगार खाऊन जगतात. लोण्याच्या बाबतीत अपुरी पडणारी नळी इथे मात्र पुरून उरते. कोबाल्टचा उघडा तुकडा काही मीटरांवरूनही तिला गप्प बसू देत नाही. मोठ्या कारखान्यांच्या दारात मापक बसवणे शक्य आहे आणि आवश्यकही. पण भंगार तिथे पोहोचण्याआधी हातगाडीवाला, खरेदीदार, तोडणारा आणि वर्गवारी करणारा अशा अनेक उघड्या हातांतून जाते. माझी डीपी-५व्ही हे त्यावरचे उत्तर नव्हे. पन्नाशीतले यंत्र, प्रमाणित न केलेले, मी त्याच्यावर दुसऱ्याचा जीव टाकणार नाही. पण त्याच जातीच्या नळीवर बनवलेले नवे, प्रमाणित आणि दुकानातल्या सेलवर चालणारे मापक भंगाराच्या प्रत्येक मोठ्या वखारीत काट्याशेजारी ठेवता येईल. वजन करताना पोते एकदा त्याच्यासमोरून जावे. वहीत एका रकान्यात किलो लिहावेत, दुसऱ्या रकान्यात मापकाचा आकडा. रोजचा साधा आकडा माहीत असला, तरच एखाद्या दिवशीचा वेगळा आकडा ओळखू येतो.