रक्त घुसळणारा इंजिनिअर

पिपरी मेघे वर्ध्याला अगदी खेटून. विदर्भाला सिकलसेल नवा नाही. १९५८ मध्येच शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. या आजारात मेंदूचा झटका आला तर विळ्यासारख्या पेशी यंत्राने काढून निरोगी पेशी भरतात. हा अफेरेसिसचाच एक प्रकार.

आणि हे यंत्र आपल्या बिरादरीतलं बरं का! आयबीएमचा इंजिनिअर जॉर्ज जडसन. १९६२ मध्ये त्याच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हा हा बाबा डॉ. फ्रायराइख यांच्यासोबत कामाला लागला. दुधातून साय काढावी तसं रक्त गरगर फिरवून वेगळं करायचं. १९६५ ला यंत्र तयार.

मग काय, जो तो ते हरेक रोगावर चालवून पाहू लागला. पुराव्याची चाळण नंतर लागली. १९९१ च्या कॅनडातल्या चाचणीत टीटीपीच्या पेशंटांपैकी प्लाझ्मा बदललेल्या ५१ मधले ११ सहा महिन्यांत दगावले, नुसता प्लाझ्मा चढवलेल्या ५१ मधले १९. उलट ल्युपसच्या किडनीविकारात १९९२ ला फायदा शून्य.

अमेरिकेतली अफेरेसिस सोसायटी रोगांना चार वर्गांत बसवते. २०१९ च्या यादीत सिकलसेलचा झटका पहिल्या वर्गात आहे, पण दर्जा ‘१सी’. म्हणजे शिफारस ठाम, पुरावा कच्चा. झटका आलेल्या पोरांसाठी चिठ्ठ्या टाकून चाचणी करायला कोणाचा हात धजावेल?