लॉगची गोष्ट

संगणकावर आपण दिवसातून दहादा ‘लॉग-इन’ करतो. हा ‘लॉग’ म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका! दोरीला बांधलेलं लाकूड समुद्रात सोडून इंग्रज खलाशी जहाजाचा वेग मोजत. विल्यम बोर्ननं १५७४ सालच्या पुस्तकात ही रीत सांगितली आहे. पुढं दोरीला ठराविक अंतरावर गाठी आल्या. वाळूचं घड्याळ रितं होईपर्यंत हातातून जितक्या गाठी सरकल्या, तितका वेग. म्हणून जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींत सांगतात. हा हिशेब लिहायची वही ती ‘लॉगबुक’. संगणकानं शब्द तिथूनच उचलला. किनारा दिसेनासा झाला, की खलाशांची सारी भिस्त त्या वहीवर. आकडा खोटा असेल, तर जहाज खडकावर! मला कवीला हे फार मोलाचं वाटतं. नोंद खरी हवी. तिच्यावर माणसांचे जीव तरतात.