ताराबाईंचा नातू

भोसल्यांची वंशावळ बघताना रामराजाच्या चौकटीपाशी गाडी अडतेच. १७४९ मध्ये शाहूमहाराज वारले, मुलगा नव्हता. ताराबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं: माझ्या शिवाजीचा मुलगा मी लपवून वाढवलाय. १७५० मध्ये हा रामराजा साताऱ्याच्या गादीवर आला. पण पेशव्यांना काढायला तयार होईना, तेव्हा आजीबाईंनीच त्याला किल्ल्यावर कोंडलं आणि म्हणाल्या, हा माझा नातूच नव्हे! १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर तशी शपथही घेतली.

मला ती शपथ फारशी पटत नाही, रागातली वाटते. पण पंचाईत बघा, 'नातू आहे' हेही सांगणार त्याच! दोन्ही जबान्या एकाच साक्षीदाराच्या. असो. पेशव्यांनी मात्र त्याला १७७७ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत छत्रपती ठेवलं.