शिंप्याच्या पेटीतील मेणाचा गोळा

आपल्या परंपरागत व्यवसायासंबंधी यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी संपादक मंडळाने आज्ञा केली, म्हणून हा अल्प प्रयत्न. सुई, कात्री आणि गज ही आपली आयुधे सर्वांस ठाऊक आहेत. संत नामदेवमहाराजांच्या चरित्रामुळे ती आपणांस पूज्यही झाली आहेत. परंतु त्यांच्या शेजारी, पेटीच्या कोपऱ्यात पडून असणाऱ्या एका लहानशा वस्तूचे नाव सहसा कोणी घेत नाही. ती वस्तू म्हणजे मेणाचा गोळा. त्याचाच थोडासा इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहे.

माझे आजोबा हाताने काजे करीत. दोरा सुईत ओवण्यापूर्वी ते तो मेणावर अंगठ्याने दाबून दोन-तीन वेळा ओढीत आणि मग चिमटीतून सरकवून जादा मेण पुसून काढीत. वर्षानुवर्षांच्या या ओढण्याने त्या गोळ्यावर खोल खाचा पडल्या होत्या. "आजोबा, दोऱ्याला मेण कशाला?" असे मी लहानपणी एकदा विचारले. ते म्हणाले, "बाळ, दोरा उनाड पोरासारखा असतो. मेण लावले म्हणजे वाटेवर येतो."

या साध्या उत्तरात शास्त्र आहे, हे मला फार उशिरा उमगले. कापसाचे तंतू आखूड असतात आणि ते केवळ पिळाच्या बळावर एकत्र राहतात. शिवताना एकच दोरा कापडातून कितीतरी वेळा आरपार जातो. प्रत्येक वेळी तो घासतो, त्याचे तंतू उभे राहतात, आणि सुई बोटांत फिरत असल्याने पीळ कमीअधिक होऊन गाठी पडतात. मेणाने तंतू बसतात, पदर एकमेकांस धरून राहतात, दोऱ्यास किंचित ताठपणा येतो व घर्षण कमी होते. त्यासाठी मधमाशीचेच मेण उत्तम. मेणबत्तीचे मेण ठिसूळ असल्याने त्याचे पापुद्रे सुटतात.

ही विद्या केवळ आपल्याच घरची नव्हे. चर्मकार बांधवांची वादी-दोऱ्याची शिवण, जहाजांची शिडे शिवणारे कारागीर, पुस्तकांची बांधणी करणारे, या सर्वांच्या हाताशी मेण असे. कशिद्याच्या क्षेत्रात तर जरीकामास मेणावाचून गत्यंतरच नव्हते. बारीक तारेची वेटोळी कापून ती मण्यांसारखी कापडावर टाकावयाची, तर त्या तारेच्या कडा साधा दोरा कापून टाकतात. म्हणून जरदोजीचे कारागीर टाक्याचा दोरा मेणावरून ओढून घेतात. अकबराच्या काळी लाहोर, आग्रा, फत्तेपूर आणि अहमदाबाद येथील कारखान्यांत उत्कृष्ट वस्त्रे तयार होत, असे अबुल फजलने 'ऐन-इ-अकबरी'त नमूद केले आहे. इकडे ही कला बहरत असताना तिकडे लंडनमधील भरतकाम करणाऱ्यांच्या संघास इ. स. १५६१ मध्ये एलिझाबेथ राणीने सनद दिली होती. सोन्याच्या तारेखालचा दोरा मेणवण्याची रीत त्या देशातील कारागीरही पाळीत आले आहेत. ज्यांची भाषा, वेष आणि धर्म भिन्न, त्यांची अडचण एक होती आणि तोडगाही एकच होता.

पुढे काळ पालटला. नेपोलियनच्या युद्धांमुळे ब्रिटनमध्ये रेशमाची टंचाई झाली, तेव्हा स्कॉटलंडातील पेस्ली गावी क्लार्क बंधूंनी गुळगुळीत सुती दोरा बनविला आणि १८१२ साली त्याचा कारखाना काढला. १८४६ साली अमेरिकेत एलियास हौ यांनी शिवणयंत्राचे पेटंट घेतले. १८५१ साली आयझॅक सिंगर यांनी आपल्या सुधारित यंत्राचे घेतले. यंत्राच्या वेगास खडबडीत दोरा चालेना. जॉन मर्सर यांनी सुतावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करण्याचे पेटंट १८५० साली घेतले आणि १८९० च्या सुमारास होरेस लो यांनी ती प्रक्रिया सूत ताणून धरून केली, तेव्हा सुतास बळ आणि झळाळी दोन्ही आली. काही दोऱ्यांस तर कारखान्यातच मेण व खळ लावून घोटून चकाकी आणू लागले.

या साऱ्या इतिहासाचा मथितार्थ माझ्या अल्पमतीस असा दिसतो की, यंत्रयुगाने मेणाचा गोळा निरुपयोगी ठरविला नाही. आजोबांच्या अंगठ्याचे काम कारखान्याने उचलले, इतकेच. दोरा आधी सरळ केल्यावाचून टाका सरळ पडत नाही, हे कारागिराने हाताने शोधलेले तत्त्व कारखान्यासही मान्य करावे लागले. यंत्रांचे कडवे टीकाकार असलेल्या महात्मा गांधींनी १९२४ साली शिवणयंत्रास मात्र अपवाद मानले होते. त्या यंत्राच्या बळावर आपल्यातील कित्येक कुटुंबे वर आली, हेही कृतज्ञतेने सांगितले पाहिजे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टरचे दोरे आले. सिलिकोनयुक्त लेपही हौशी भरतकाम करणाऱ्यांसाठी बाजारात आले. ते दोऱ्यावर चिकटपणा ठेवीत नाहीत. मेणाला दोष आहेतच. रेशमाच्या भरीव कशिद्यास ते लावले तर चमक मंदावते, धूळ धरते, यंत्राच्या ताणपट्ट्यांत साचते. मेण सुमारे ६३ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून मेणवलेला दोरा कागदाच्या घडीत ठेवून त्यावरून इस्त्री फिरवितात. त्यामुळे मेण आत मुरते, जादा मेण कागद शोषून घेतो आणि पुढे कपड्यावर डाग पडत नाही. काजे, बटणे, मणी आणि जरीकाम यांसाठी मात्र मेण आजही हार गेलेले नाही.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आजोबांच्या पश्चात एका दिवाळीला घराची रंगसफेदी निघाली, तेव्हा ती पेटी मीच रिकामी केली. कात्री ठेवली, गज ठेवला. मळकट, काळपट झालेला मेणाचा तो गोळा मात्र केरात टाकला. छत्तीस वर्षे मुलांना शिवाजीमहाराजांच्या गडांचा इतिहास शिकविणाऱ्या माझ्या हातून स्वतःच्या घरचा इतिहास असा केरात गेला. त्या खाचांत साठ वर्षांचे श्रम होते. बाजारातून नवे मेण आणता येईल, महाबळेश्वरजवळील मांघर तर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले आहे. पण त्या खाचा कोठून आणावयाच्या?

म्हणून समाजातील सर्व बंधुभगिनींस एवढीच विनंती की, यंदा साफसफाई करताना माळ्यावरची जुनी पेटी उघडून पाहावी. आत जे सापडेल ते टाकण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांस त्याचे नाव आणि उपयोग विचारावा, आणि तो मुलांच्या वहीत लिहून ठेवावा. मी विचारले होते. लिहून मात्र ठेवले नव्हते. ती चूक या लेखाने अंशतः भरून निघाली, तर मी स्वतःस धन्य समजेन. इत्यलम्.