उन्हाळी व्यवसाय-अभ्यासक्रम (हायस्कूल विद्यार्थ्यांसाठी, अमेरिका)

अमेरिकेतील विद्यापीठे जून ते ऑगस्टच्या सुट्टीत नववी ते बारावीच्या मुलांसाठी व्यवसाय व व्यवस्थापनाचे जे अल्पमुदतीचे, बहुधा निवासी वर्ग चालवतात ते. मुदत साधारणपणे एक ते चार आठवडे. अकरावी संपवून बारावीत जाणाऱ्यांचा भरणा अधिक, कारण महाविद्यालयांचे अर्ज त्यानंतर लगेच भरायचे असतात.

सुट्टीत वर्ग भरवण्याची तिथली प्रथा जुनी आहे. हार्वर्डची उन्हाळी शाळा 1871 पासूनची. विद्यापीठाचे वर्ष मे महिन्यात आटोपले की वसतिगृहे ऑगस्टअखेरपर्यंत ओस पडतात. अनेक प्राध्यापकांची नेमणूकही नऊ महिन्यांचीच असते, उन्हाळ्यात शिकवले तर त्याचे मानधन वेगळे. रिकाम्या खोल्या आणि मोकळे शिक्षक यांतून उत्पन्न काढण्याचा हा सरळ मार्ग आहे. व्यवसाय शिकवणाऱ्या विभागांनी तो ओळखला नसता तरच नवल.

हे वर्ग विशेषतः पदवीपातळीवर व्यवसाय शिकवणाऱ्या संस्थांत दिसतात: पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे व्हॉर्टन, बर्कलीचे हास, इंडियानाचे केली. हार्वर्ड आणि स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये पदवीचे विद्यार्थीच नसतात, त्यामुळे बारावीच्या मुलाला तिथे थेट प्रवेशाचा प्रश्न येत नाही. व्हॉर्टनसाठी मात्र बारावीतच अर्ज करावा लागतो. वित्त किंवा विपणन आपल्याला झेपेल का, आवडेल का, हे सतराव्या वर्षी ठरवायचे, आणि तिथल्या बहुतेक हायस्कुलांत हे विषय सक्तीचे नसतात. ही उणीव उन्हाळी वर्ग काही अंशी भरून काढतात.

जोसेफ व्हॉर्टन या उद्योगपतीच्या देणगीतून 1881 मध्ये फिलाडेल्फियात उभे राहिलेले व्हॉर्टन हे अमेरिकेतील विद्यापीठीय व्यवसायशिक्षणाचे पहिले केंद्र. ‘लीड’ हा हायस्कूलच्या मुलांसाठीचा उन्हाळी उपक्रमही 1980 मध्ये तिथेच सुरू झाला. कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य समाजांतील हुशार मुलांना कंपन्यांच्या जगाची ओळख करून द्यावी, हा त्यामागचा हेतू होता. उद्योगसमूहांनी पाठबळ दिले आणि पुढे इतर विद्यापीठेही सामील झाली. आज याच प्रकारचे बहुतेक वर्ग काही हजार डॉलर शुल्क घेतात. शिष्यवृत्त्या असतात, पण मोजक्या. ज्यांच्या घरी कंपन्यांचे जग आधीच परिचयाचे आहे, त्यांचीच मुले आता तिथे अधिक पोहोचतात, ही या इतिहासातली खटकणारी बाब.

सकाळी वित्त, विपणन, हिशेब, संख्याशास्त्र यांची व्याख्याने. दुपारी प्रत्यक्ष कंपनीच्या प्रसंगावर चर्चा, म्हणजे हार्वर्डने रुळवलेली ‘केस’ पद्धत. अधूनमधून कारखान्याला किंवा बँकेला भेट. चार-पाच जणांचा गट करून एखाद्या कल्पित धंद्याचा आराखडा रचायचा आणि शेवटच्या दिवशी परीक्षकांपुढे मांडायचा, हा जवळजवळ सर्वत्र ठरलेला शेवट. उत्पन्नाचे अंदाज बहुधा भाबडे असतात. खरे शिक्षण गटातल्या भांडणांत होते. दरवेळी नामांकित प्राध्यापकच शिकवतील असे नाही, हे माहितीपत्रक वाचताना ध्यानात ठेवावे.

काही अभ्यासक्रमांना विद्यापीठाचे श्रेयांक मिळतात. पेनसिल्व्हेनियातील व्यवस्थापन व तंत्रज्ञान यांचा संयुक्त उन्हाळी वर्ग त्यांपैकी एक. बाकीच्यांत केवळ प्रमाणपत्र मिळते. विद्यापीठाच्या नावाने चालणारा वर्ग केला म्हणजे त्या विद्यापीठात प्रवेश पक्का, असा समज पालकांत आढळतो. तो चुकीचा आहे. निवड काटेकोर असलेल्या मोजक्या वर्गांचे अर्जात थोडेफार वजन पडू शकते, पण शुल्क भरेल त्याला घेणाऱ्या वर्गाचे फारसे पडत नाही.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसमोर पहिली अडचण दिनदर्शिकेची. राज्य मंडळाची उन्हाळी सुट्टी संपून जूनमध्ये शाळा उघडतात, तेव्हा तिकडचे वर्ग सुरू होतात. त्यामुळे मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांत जून-जुलैची सुट्टी असलेल्या आंतरराष्ट्रीय शाळांतील मुलांना सोयीचे जाते. वाणिज्य शाखेच्या मुलाला आशयाचा काही भाग ओळखीचा वाटेल: अकरावीपासूनच त्याच्या वाट्याला पुस्तपालन व लेखाकर्म, वाणिज्य संघटन आणि चिटणिसाची कार्यपद्धती हे विषय येतात, आणि नावे-जमेच्या नोंदी त्याने अमेरिकी सोबत्यापेक्षा जास्त घोटलेल्या असतात. सवय नसते ती अनोळखी मुलांसमोर उभे राहून स्वतःच्या आकड्यांवरचे उलटसुलट प्रश्न झेलण्याची. श्रेयांक देणाऱ्या निवासी वर्गासाठी विद्यार्थी-व्हिसा लागू शकतो आणि त्याची तयारी काही महिने आधी करावी लागते. घरी बसून करता येणारे ऑनलाइन वर्गही आता उपलब्ध आहेत, मात्र तिकडच्या दुपारच्या चर्चेला इकडे रात्री उशिरापर्यंत जागावे लागते.