बहिष्कार : निःशस्त्रांना पडलेला वेढा

वेढा म्हटला की किल्ला, तोफा आणि रसद तुटलेली फौज डोळ्यांसमोर येते. यवत, दौंड, शिरूर या भीमाकाठच्या पट्ट्यातील वाचकांस कोरेगावचा वेढा सांगावयास नको. १ जानेवारी १८१८ रोजी शिरूरहून रात्रभर चालून आलेली तुकडी त्या गावात कोंडली गेली आणि नदी जवळ असूनही दिवसभर पाण्यावाचून लढली. तो वेढा सैनिकांचा होता. रात्री तो उठला. पण बायकामुलांसह निःशस्त्र माणसांना पडलेल्या वेढ्याचा इतिहास आम्ही अद्याप त्या नावाने लिहिलेला नाही. तो वेढा म्हणजे बहिष्कार होय.

१ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोरेगावच्या स्तंभाला भेट दिली. पुढे अडीच महिन्यांनी महाडची परिषद भरली. चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्येच ठरावाने खुले केले होते. तरीही परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला आपले लोक तळ्यावर गेले आणि परतताच त्यांच्यावर हल्ला झाला. डिसेंबरच्या परिषदेस गावात जागा मिळेना. ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थांनी दिली. व्यापाऱ्यांनी माल नाकारला, तेव्हा धान्य बाहेरून आणून परिषद पार पाडली गेली.

मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सभासद होते. समितीच्या १९३० च्या अहवालात बहिष्काराची रीत नोंदलेली आहे : कसायला दिलेली जमीन काढून घेणे, मजुरी बंद करणे, वाट अडवणे, वाण्याने जिन्नस न देणे. वेढ्याची सारी अंगे येथे आहेत. फरक एवढाच, की किल्ल्याला वेढा घालणारा शत्रू बाहेरचा असतो. येथे तो त्याच गावचा असून रोजची भाकरी त्याच्याच हाती असते. शिवाय 'मी माल विकणार नाही' एवढे म्हणणाऱ्यावर गुन्हा तरी कोणता दाखल व्हावा?

चवदार तळ्याचा निकाल उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने दिला. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मात्र २०१६ चा आहे. मधल्या काळात वेढ्यात सापडलेली घरे कशी तगली? रात्री पीठ कोणी पोहोचवले, पाणी कोठून आणले, मुलांना शाळेत कोणत्या वाटेने धाडले? हे सांगू शकणारी वडीलधारी माणसे थोडी उरली आहेत. प्रत्येक विहाराने आपल्या परिसरातील अशा आठवणी, गाव व साल घालून, याच वर्षावासात लिहून घ्याव्यात, अशी आमची विनंती आहे.