धारवाडच्या शाळेचे दार

१८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. नेहमीची फी भरण्याची तयारी असूनही सरकारी शाळेत आपल्याला घेतले जात नाही, एवढीच त्याची तक्रार. न्याय त्याच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केले. पण एका विद्यार्थ्यासाठी शतकानुशतकांच्या समजुतींना धक्का लावता येणार नाही, असे सांगून अर्ज नाकारला. १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे बजावले. तत्त्व जिंकले, दार मात्र बंदच राहिले.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी नेमक्या मर्मावर बोट ठेवले. शेतकऱ्यांच्या घामाचा पैसा वरिष्ठांच्या शिक्षणावर खर्च होतो. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी. आयोगाने खुल्या शाळांचे तत्त्व पुन्हा उच्चारले आणि जिथे विरोध असेल तिथे वेगळ्या शाळा सुचवल्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. सत्तेने जबाबदारी घेतली, तेव्हाच दार हलले.

२०२० मध्ये महामारीत शाळा मोबाइलवर गेली. ज्याच्या घरी मोबाइल नव्हता, त्याला कुणी अडवलेही नाही. तो आपोआप बाहेर राहिला. ‘भविष्यवेधी शिक्षणा’चे आराखडे वाचताना आपण धारवाडचा तो अर्ज विसरता कामा नये.